पीआयडीच्या यादीत बाप्ये कसे आले

आमच्या इथल्या एका नर्सिंग होममधल्या गायनॅक मॅडमनी विचारलं, गेल्या काही वर्षांतले पीआयडीचे पेशंट काढून देशील काय, एक छोटा स्टडी करायचाय. त्यांना हवे होते पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीजचे, म्हणजे ओटीपोटातल्या इन्फेक्शनचे. मी सर्च मारला, यादी आली ही लांबलचक, नि त्यात बाप्येच बाप्ये. मार्केट यार्डातला हमाल, ट्रकवाला, ऊसतोडीवाला. कारण वरच्या मजल्यावर बसणारे हाडांचे डॉक्टरपण पीआयडीच लिहितात, त्यांचं पीआयडी म्हणजे कमरेतली गादी सरकलेली, प्रोलॅप्स्ड इंटरव्हर्टिब्रल डिस्क. दोघंही आपापल्या जागी बरोबर, दोघंही आपल्या कॉलेजात हेच शिकलेले. कॉम्प्युटरला काय, तीन अक्षरं जुळली की विषय संपला. आरटीएचं पण तसंच, कॅज्युअल्टीत तो रस्त्यावरचा अपघात असतो नि किडनीच्या डॉक्टरांकडं गेला की रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस होतो.

हे माझं रोजचं काम आहे. पुण्यात हॉस्पिटल सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होते, आता बेळगावात राहून इथल्या छोट्या हॉस्पिटलांचा नि लॅबांचा डेटा निस्तरून देते. डॉक्टर नाही मी, हे आधीच सांगते, नाहीतर खाली कमेंटमध्ये गोळ्या विचारतात लोक.

डायग्नोसिसच्या त्या एका रिकाम्या चौकोनात लोक काय काय टाइप करतात ते बघितलं की मजा वाटते. नुसती शुगर घ्या. डीएम, टी२डीएम, टाइप टू, के/सी/ओ डीएम, शुगर, मधुमेह, नि डायबेटिसची जितकी म्हणून चुकीची स्पेलिंगं होऊ शकतात तितकी. हे सगळं एकच आहे हे शिपायालापण कळतं पण सॉफ्टवेअरला कळत नाही, त्यामुळं 'आपल्याकडं शुगरचे पेशंट किती' याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. यावर मॅनेजमेंटचा ठरलेला उपाय म्हणजे एक सर्क्युलर, सर्वांनी यापुढं अमुकच लिहावं. चार दिवस पाळतात, मग परत डीएम. नि मला विचाराल तर डॉक्टरांनी का म्हणून बदलावं, ओपीडीत साठ माणसं बाहेर बसलेली असताना पूर्ण नाव कोण टाइप करणार.

स्टँडर्ड टर्मिनॉलॉजी नेमकं उलटं करते. चीज एक, तिला नंबर एक, नि त्या नंबराखाली लोक जितकी नावं वापरतात तितकी सगळी राहू देत. स्नोमेड सीटी नावाची जी जगभर चालणारी यादी आहे तिच्यात टाइप टू मधुमेहाचा नंबर आहे ४४०५४००६. तुम्ही काय टाइप केलं ते महत्त्वाचं नाही, आत नंबर गेला पाहिजे. नि नंबराला स्वतःचा काही अर्थ असता कामा नये. हे शेवटचं लोकांना पटत नाही, म्हणतात आकड्यावरून काही कळत नाही मग उपयोग काय. त्यांना मी आपल्या गावाचं सांगते. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, आपण घरात बेळगावच म्हणतो, हिंदीवाले बेलगाम म्हणतात, त्या वादात मी इथं पडत नाही. पण पिनकोड ५९०००१ होता तो ५९०००१ च राहिला. सांबऱ्याच्या विमानतळाचा कोड आयएक्सजी, त्याला कुठल्याच नावाशी काही देणंघेणं नाही, म्हणून तोपण निवांत. रेल्वेचा कोड तेवढा बीजीएम, म्हणजे जुनं नाव कोडाच्या पोटातच बसलंय, आता ते काढायचं तर सगळीकडं काढायला लागेल म्हणून कुणी काढत नाही. जेम्स सिमिनो नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये चांगल्या वैद्यकीय टर्मिनॉलॉजीला काय काय लागतं ते लिहून ठेवलंय, त्यात हे आहे, कोड अर्थहीन असावा, नि एकदा दिलेला कोड कधी पुसू नये नि दुसऱ्याला देऊ नये. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी आहे तिच्या दहाव्या आवृत्तीत, कोडाला जागेचा अर्थ आहे, पहिल्या अक्षरावरून बहुतेक वेळा चॅप्टर कळतो, नि म्हणून तिथं हलवाहलव झाली की त्रास होतो. डेंगी आधी ए९० नि ए९१ मध्ये होता, नंतर ए९७ केला. जुन्या डेटात ए९०, नव्यात ए९७, नि ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं डेंगी एकदम नवीनच आला.

(स्नोमेडच्या नंबरातला शेवटचा आकडा चेक डिजिट असतो, म्हणजे बाकीचे आकडे टाइप करताना चुकले नाहीत ना ते तपासायचा, व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीनं काढलेला. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचापण त्याच पद्धतीचा. हे कळलं तेव्हा मला उगीच आनंद झाला होता, म्हणून सांगितलं.)

आता मूळ दुखणं. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत कोड नाहीत असं नाही, कोड आहेत, पण ते एकाच कामासाठी लावलेत, बिल नि क्लेम. पेशंट डिस्चार्ज झाला की मेडिकल रेकॉर्डमधला पोरगा फाइल उघडतो, शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते बघतो नि आयसीडीचा जवळचा कोड चिकटवतो. योजनेचा क्लेम असेल तर त्याचा पॅकेज कोड वेगळाच, तो तर आजाराचा नसतोच, पैसे कशाचे द्यायचे त्याचा असतो. महाराष्ट्रानं जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा राजकारण बरंच गाजलं, पण निपाणीच्या एखाद्या पेशंटचं कार्ड आज कर्नाटकच्या योजनेत नि उद्या महाराष्ट्राच्या योजनेत चाललं तर दोन्हीकडची पॅकेज नावं, कोड, अटी जुळवायच्या कुणी, यावर टीव्हीवर कुणी भांडलं नाही.

आयसीडी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही हं. ती मोजायला बनलीय. लंडनमध्ये दर आठवड्याला कोण कशानं मेलं त्याची बिलं निघायची, जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं ती जमवून १६६२ मध्ये पहिल्यांदा त्यातून हिशेब मांडला. पुढं १८९३ ला शिकागोत फ्रान्सच्या जाक बर्तियोंनी मरणाच्या कारणांची यादी मांडली, तीच वाढत वाढत आजची आयसीडी झाली. मोजायचं म्हणजे एक मढं दोन खान्यांत येऊन चालत नाही, म्हणून प्रत्येक आजाराला एकच जागा, नि जे कुठंच बसत नाही त्याला 'इतर' नि 'अनिर्दिष्ट'. मोजणाऱ्याला हे सोयीचं. पण हीच यादी तुम्ही पेशंटला काय झालंय ते लिहून ठेवायला वापरायला लागलात की माल गळतो.

निपाणीचं उदाहरण देते. समजा कुणाला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचे फुफ्फुसाचे आजार बघायचेत. सरळ माणूस काय करेल, आयसीडी-१० चा श्वसनाचा चॅप्टर म्हणजे 'जे' या इंग्लिश अक्षराचे सगळे कोड काढेल. दमा जे४५ येईल, सीओपीडी जे४४ येईल. फुफ्फुसाचा टीबी येणार नाही, कारण तो इन्फेक्शनच्या चॅप्टरात ए१५. फुफ्फुसाचा कॅन्सर येणार नाही, तो सी३४. म्हणजे तंबाखूच्या धुळीत नि धुरात ज्या दोन गोष्टींची सगळ्यात जास्त भीती त्याच यादीतून गायब, नि रिपोर्ट वाचणारा म्हणणार, वा, परिस्थिती काही इतकी वाईट नाही. ज्याला माहीत आहे तो तिन्ही चॅप्टर घेतो. पण सगळं ज्ञान त्या एका माणसाच्या डोक्यात, तो नोकरी सोडून हुबळीला गेला की संपलं.

स्नोमेडमध्ये हे वेगळं आहे. तिथं फुफ्फुसाच्या टीबीला दोन आईबाप असू शकतात, तो इन्फेक्शनपण आहे नि फुफ्फुसाचा आजारपण आहे, दोन्हीकडून तो सापडतो. नि हे कुणी हातानं प्रत्येक ठिकाणी नेऊन ठेवलेलं नसतं, आजाराची व्याख्याच अशी लिहिलेली असते, जागा फुफ्फुस, कारण अमुक जंतू, नि मग कॉम्प्युटर स्वतः तर्क करून त्याला योग्य ठिकाणी बसवतो. ऑन्टॉलॉजी म्हणतात ती ही. लोकांना वाटतं मोठा शब्दकोश असेल. शब्द त्यात असतात, पण मुख्य काम असतं कुठल्या जातीच्या गोष्टी जगात आहेत नि त्यांचं एकमेकींशी नातं काय हे कॉम्प्युटरला कळेल असं मांडून ठेवणं. साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत त्यात. २००२ ला ती जन्मली, अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांची यादी नि इंग्लंडमधल्या क्लिनिकल टर्म्स एकत्र करून. त्या इंग्लंडच्या कोडांची सुरुवात लफबरोच्या जेम्स रीड नावाच्या जीपीनं ऐंशीच्या दशकात आपल्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरसाठी केली होती, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर, हे मला फार आवडतं. आयसीडी-११ मध्येपण आता खाली एक पाया असतो ज्यात एकाला अनेक पालक चालतात नि मोजायची यादी त्याच्यातून काढतात, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झालीय, पण आपल्या भागात अजून मी आयसीडी-१० च बघते सगळीकडं.

तर माझं म्हणणं एवढंच, लिहायचं बारीक, मोजायचं जाड. डॉक्टरसमोर पेशंट असताना बारीक नोंद व्हावी नि त्यातून आयसीडी मागं मशिननं काढावी, तसे मॅप, म्हणजे एका यादीतला कोड दुसरीत कुठला ते सांगणारे तक्ते, तयार मिळतात. आपण करतो उलटं, आधीच जाड करून टाकतो, मग बारीक कुठून आणणार.

साप चावण्यावर मी हे सगळ्यात जास्त घासलंय. पावसाळा सुरू झाला की हुक्केरी, चिकोडी, खानापूर सगळीकडून केसी यायला लागतात, परत ऊसतोडीच्या वेळेला. केसपेपरवर ठरलेले शब्द, 'अननोन बाइट'. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकानं सर्पदंश नोटिफायेबल केला, म्हणजे सरकारी असो की खाजगी, केस आली की कळवायची. चांगलंच झालं. पण कळवायचं काय? एक माणूस येतो, साप बघितलाय, दाताच्या खुणा आहेत, विष काही चढलेलं नाही, नुसता कोरडा चावा. दुसऱ्याला उसात अंधारात काहीतरी चावलंय, पाय सुजून खांब झालाय, बघितलं काहीच नाही. तिसरा तर चावल्याचं बोलतच नाही. जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात कळा यायला लागल्या म्हणून आणलाय, पापण्या उघडत नाहीत. मण्यार चावलेलं बऱ्याचदा कळतपण नाही, दुखत नाही, म्हणून तो पोटदुखीचा पेशंट म्हणून नोंदला जातो. एक सिस्टर मला म्हणालत्या, "अक्का, सापच दिसला नाही तर साप म्हणून कसं लिहू, उद्या मलाच विचारतील की." त्यांचं काय चुकलं?

आयसीडी-१० मध्ये टी६३.० आहे, पण तो सापाच्या विषाच्या परिणामाचा. कसं घडलं ते सांगायला एक्स२०. कोरडा चावा नुसत्या जखमेच्या कोडात जाऊन बसतो. म्हणजे एका तालुक्यानं सगळे चावे मोजले नि दुसऱ्यानं फक्त विष चढलेले, तर दोन तालुक्यांची तुलनाच होत नाही, नि तरी तुलना केली की त्यातून एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, बाटल्यांचं वाटप ठरतं. इथं चूक कुणाचीच नसते नि औषध चुकीच्या पीएचसीला जातं.

आम्ही काय केलं, एका चौकोनाऐवजी गोष्टी सुट्या केल्या. चावा झाला ही घटना एक. कशानं चावलं ते दुसरं, नाग, मण्यार, घोणस, फुरसे, इतर साप, साप पण जात कळली नाही, नि चावलं पण प्राणीच कळला नाही, हे शेवटचे दोन वेगवेगळे आहेत हं, त्यावर बरीच चर्चा झाली. विषाचा परिणाम तिसरं, नसांवर की रक्तावर की नुसतीच सूज की काहीच नाही. रक्त काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये वीस मिनिटं न हलवता ठेवून गोठतंय का बघतात, ती टेस्ट चौथी, ती निदान नव्हे, ते निरीक्षण, त्याला स्वतःची जागा. एएसव्ही किती वायल दिली ते पाचवं. एवढं सुटं झालं की मग कुणीही काहीही विचारू देत. सगळे चावे किती, मिळतं. रक्त न गोठलेले किती, मिळतं. पोटदुखी म्हणून आले नि नंतर एएसव्ही लागली असे किती, हेपण मिळतं, नि हा प्रश्न आधी कुणाला विचारताच आला नसता. घोणस हा सापाचाच प्रकार आहे हे आत मांडलेलं असल्यामुळं 'सर्पदंश' मोजताना घोणसवाले आपोआप मोजले जातात, हाताने बेरीज नको.

नि मग आला 'संशयित'. हा शब्द ठेवायचा कुठं यावर जगभरातली हुशार माणसं डोकं आपटून बसलीत. स्नोमेडमध्ये 'संशयित अमुक' अशा स्वतंत्र संकल्पना आहेत. दुसऱ्या बाजूला फायर (एफएचआयआर) म्हणून जे स्टँडर्ड आहे, एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याला माहिती कशा साच्यात पाठवायची त्याचं, त्यात निदानाच्या शेजारी खात्रीचं वेगळं फील्ड आहे, अजून खात्री नाही, तात्पुरतं, पक्कं, नाही निघालं, असं. आता सिस्टरनं कोड निवडला 'संशयित सर्पदंश' नि शेजारच्या फील्डात टाकलं 'पक्कं'. म्हणजे काय झालं? संशय पक्का आहे? दोन्ही स्टँडर्ड आपापल्या जागी बरोबर, पण त्यांच्यामधली हद्द कुणी आखायची ते गावातच ठरवायला लागतं. आम्ही ठरवलं कोडात संशय नको, फील्डातच. ते योग्यच आहे असं नाही, पण एकदा ठरवलं नि लिहून ठेवलं हे महत्त्वाचं.

पेशंटच्या तोंडच्या भाषेचं अजून वेगळंच. "पित्त झालंय" म्हटलं तर ॲसिडिटी, "पित्त उठलंय" म्हटलं तर अंगावर गांध्या. क्रियापदावर सगळं अवलंबून, नि टाइप करणारा पोरगा नुसतं 'पित्त' ऐकतो. यातलं सगळ्यात धोक्याचं मला वाटतं ते दम. म्हातारे आजोबा सांगतात दम लागालाय, कन्नडवाले दम्मु म्हणतात, नि कॉम्प्युटरात जातं अस्थमा. दम लागणं हे लक्षण, हार्टनंपण लागतो, रक्त कमी असलं तरी लागतो. दमा हा आजार. एकदा आजोबांच्या नावावर अस्थमा चढला की तो उतरत नाही, पुढच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर कॉपी-पेस्ट होत जातो. नि त्यांना खरं तर हार्ट फेल्युअर असेल तर त्यात उपयोगी पडणारी बीटा ब्लॉकरची गोळी पुढचा डॉक्टर द्यायला कचरतो, कारण दम्याच्या माणसाला ती जपून द्यायची असते. आता सॉफ्टवेअरमध्ये डी-ए-एम टाइप केलं की दोनच पर्याय समोर येतात, 'दम लागतो, लक्षण' म्हणजे २६७०३६००७ नि 'दमा, निदान झालेला' म्हणजे १९५९६७००१, नि दुसरा सिस्टरला निवडताच येत नाही, तो फक्त डॉक्टरच्या लॉगिनला दिसतो. साधीच गोष्ट. पण यासाठी साडेतीन लाखांची यादी समोर टाकून भागत नाही, ओपीडीत खरंच लागतील अशा दोनतीनशे गोष्टींची छोटी यादी करायची, मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही नावं लावायची, नि ती करायला ओपीडीत बसलेलं माणूसच लागतं. दिल्ली-बंगळूरला बसून होत नाही ते.

आपला भाग तर असा की पेशंट हद्द मानतच नाही. अथणीचा माणूस मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा गोव्याला बांबोळीला. रिपोर्टांची नावंसुद्धा हद्दीवर बदलतात, उपाशीपोटीच्या शुगरला कोल्हापूर-मिरजेकडच्या कागदावर बीएसएल फास्टिंग, आपल्याकडं एफबीएस, नि ग्लुकोमीटरवर बोटातून काढलेली असेल तर जीआरबीएस. यासाठी लॉइंक नावाची लॅबच्या टेस्टांची यादी आहे, अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये १९९४ ला सुरू झालेली, फुकट मिळते. प्रत्येक टेस्टची सहा अंगं बघून नंबर देतात, काय मोजलं, त्याचा कुठला गुण, किती वेळाचं, कशात मोजलं, आकडा की नुसतं हो-नाही, नि लागेल तिथं पद्धत. सीरम किंवा प्लाझ्मातली उपाशीपोटीची साखर १५५८-६, बोटातल्या रक्ताची वेगळी. युनिटचं तर विचारूच नका. दुबईहून सुट्टीला आलेल्या एकाचा फास्टिंगचा रिपोर्ट होता ७. इथं टाइप करणाऱ्यानं ७ टाकलं नि सॉफ्टवेअर लालभडक, हा माणूस चालतोय कसा म्हणून. त्या रिपोर्टातले ७ म्हणजे मिलिमोल, आपले १२६ मिलिग्रॅम, शुगर सुरू झाली असं म्हणतात तो आकडा.

खानापूरच्या जंगलाकडंचा अजून एक आजार आहे, केएफडी. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, गोचिडीनं पसरतो, माकडं मरायला लागली की समजायचं. सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात, कन्नडमध्ये मंगन कायिले. खानापूर, दोडामार्ग, सत्तरी हे जंगल एकच आहे, तीन राज्यांचे तीन आरोग्य विभाग आहेत, नि तिन्हीकडं 'ताप, कारण अज्ञात' लिहून बसले तर कुणालाच काही दिसणार नाही. ए९८.२ असा त्याचा आयसीडी-१० कोड आहे, तो लागला तर तिन्हीकडचे ठिपके एका नकाशावर येतील.

आयुर्वेदाचं थोडक्यात सांगते कारण ते मला अजून नीट जमलेलं नाही. आपल्याच बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, आयुर्वेद कॉलेजं आहेत, तेव्हा विषय घरचाच. आयुष मंत्रालयाच्या नमस्ते पोर्टलवर आयुर्वेद, सिद्ध, युनानीचे कोड आहेत नि जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ चं दुसरं पारंपरिक वैद्यक मॉड्यूलपण आलं. लोक लगेच जोड्या लावायला बसतात, आमवात बरोबर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संपलं. तसं होत नाही. दोन्ही शास्त्रं माणसाला वेगळ्या रेषांनी कापतात, आमवाताचे सगळे पेशंट ऱ्हुमॅटॉइड निघत नाहीत नि उलटंपण नाही. मॅप करताना 'सारखं', 'याहून व्यापक', 'याहून अरुंद', 'नुसतं संबंधित' असं नातं लिहायची सोय असते, ती वापरायची सोडून सगळीकडं 'सारखं' ठोकलं की पुढं त्या डेटावर जे संशोधन होईल ते भगवान भरोसे.

नि हे सगळं महाग आहे म्हणून होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळं इथं वापरायला लायसनचे पैसे नाहीत, पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. सरकारनं ईएचआरची, म्हणजे पेशंटच्या इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची, स्टँडर्ड्स २०१३ ला काढली, २०१६ ला सुधारली, त्यात स्नोमेड, लॉइंक, आयसीडी सगळ्यांची नावं आहेत. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर, त्याचा चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या रेकॉर्डसाठीचा ओळख नंबर, लोकांच्या मोबाइलमध्ये आलाय. पेशंटचा रेकॉर्ड हॉस्पिटलातून हॉस्पिटलात जायची वाट तयार आहे, पण त्या वाटेनं सध्या जातंय काय तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून केलेली पीडीएफ. माणूस वाचेल ती. मशिन नाही.

छोट्या हॉस्पिटलांना माझं सांगणं असतं, सॉफ्टवेअर घेताना डेमोत रंग नि डॅशबोर्ड बघू नका. मागच्या महिन्यात एका ठिकाणी डॉक्टरांनी मला शेजारी बसवून घेतलं, समोर विकणारा आला होता, प्रत्येक स्लाइडवर 'स्नोमेड रेडी'. मी विचारलं, तुमच्या डेटाबेसमध्ये कोड साठतो की नुसतं नाव? म्हणाला, नाव साठतं, पण लिस्ट स्नोमेडचीच आहे मॅडम. बरं, ती लिस्ट कुठल्या रिलीजची? ते बघून सांगतो. नि एखादी संकल्पना रद्द झाली तर? स्नोमेडमध्ये ती पुसत नाहीत, निष्क्रिय म्हणून ठेवतात नि बदली कुठली ते दाखवतात, तुमच्याकडं जुन्या पेशंटच्या रेकॉर्डात काय होतं?

"अपडेट मारला की नवीन नाव येतं," म्हणाला.

"नि जुनं?"

"जुनं डिलीट होतं मॅडम, कचरा ठेवत नाही आम्ही."